खळ जाते कुठं?

मुलांनो, पतंग चिकटवायला बसलात आणि डिंकाची बाटली नेमकी संपलेली निघाली, तर तुम्ही काय करता? आईच्या मागे भुणभुण लावून वाटीभर खळ करून घेता, हो ना? चमचाभर मैदा, पाणी, मंद आच आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून सारखं ढवळणं. ही खळ थंड झाली की तिच्यावर साय धरते, आणि बोटाला लागली की वाळून कडक होते.

आता असं एक गाव डोळ्यांसमोर आणा, जिथं खळ वाटीत नाही, पातेल्यातही नाही, तर भल्या मोठ्या टाक्यांत शिजते. रोज शिजते. आणि त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे, दुसरी माणसं तीच खळ धुऊन काढायच्या उद्योगाला लागलेली असतात! वेड्यांचं गाव वाटलं ना? चला तर, तुम्हाला इचलकरंजीला नेते.

कोल्हापूरहून एस.टी.त बसलं की हातकणंगल्यावरून तासाभरात इचलकरंजी येते. इथल्या गल्लीत शिरलात की आधी कानांना कळतं आपण कुठं आलो ते. खटाखट, खटाखट, खटाखट! पायाखालची फरशीसुद्धा हलकेच थरथरत असते. पलीकडच्या भिंतीआड यंत्रमाग चालू असतात. नवख्या माणसाला रात्रभर झोप लागत नाही. माझ्या मामांचं उलटं आहे. लाईट गेली आणि माग थांबले, की ते दचकून जागे होतात.

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथं पहिला यंत्रमाग सुरू केला. इचलकरंजी तेव्हा जहागीर होती, आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा अशा उद्योगांना पाठिंबा होता. पुढं मागाला माग लागत गेले आणि लोक या गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणू लागले. २०२२ साली इथं महानगरपालिका झाली, पण मामा अजून 'आमचं गाव' असंच म्हणतात.

मामांनी तीस वर्षं सायझिंगमध्ये काम केलं. सायझिंग म्हणजेच सुताला खळ घालणं. लहानपणी सुट्टीत आम्ही मामांकडे गेलो की संध्याकाळी ते दारात यायचे आणि त्यांच्या सदऱ्याला भाताच्या पेजेसारखा वास यायचा. आम्हाला वाटायचं, मामा कुठल्यातरी मोठ्या खानावळीत कामाला आहेत!

या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "मामा, माझ्या वर्गातली एक मुलगी विचारत होती की नव्या कापडाला खळ असते, तर आपल्या शर्टाला ती का लागत नाही? मला उत्तर देता आलं नाही. मला सगळं दाखवाल का?"

मामा हसले. "घालायचं काम मी दावतो. काढायचं काम मी बी कधी बघितलं न्हाई."

मला खरंच वाटेना. तीस वर्षं ज्या माणसानं सुताला खळ पाजली, त्यानं ती निघताना कधी पाहिलीच नव्हती! म्हणजे हा प्रवास जेवढा माझा, तेवढाच मामांचाही होता.

सकाळी आम्ही सायझिंगमध्ये गेलो. आत वाफच वाफ. एका बाजूला सुताचे मोठाले बीम. त्यांच्यावरून हजारो धागे शेजारी शेजारी, चादरीसारखे पसरून पुढं येतात आणि गरम खळीच्या हौदात बुडी मारतात. बाहेर येताना दोन रुळांमध्ये पिळले जातात, मग वाफेनं तापलेल्या मोठ्या नळकांड्यांवरून फिरत फिरत वाळतात आणि शेवटी दुसऱ्या बीमवर गुंडाळले जातात. खळ बहुतेक मक्याच्या नाहीतर टॅपिओकाच्या स्टार्चची. सूत लवचीक राहावं म्हणून तिच्यात थोडं वंगण, आणि गरजेप्रमाणे आणखी काही पदार्थ.

"पण हे कशाला?" मी विचारलं.

मामांनी एका बीमवरचा बिनखळीचा धागा तोडून माझ्या हातात दिला. "आता ह्यो बोटांत धरून पुढंमागं घास."

मी घासला. दहा-पंधरा वेळांतच त्याच्यावर लव उभी राहिली, मग तो पिंजला आणि तुटला. मग त्यांनी खळीतला धागा दिला. तो गुळगुळीत, कडक, सुतळीच्या पोरासारखा! माझी बोटं दुखली, पण तो काही तुटला नाही.

मागावर उभ्या धाग्यांचे असेच हाल होतात. साधा यंत्रमागसुद्धा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. प्रत्येक फेकीला उभे धागे वर-खाली ओढले जातात, फणीच्या दातांत घासले जातात. एक धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू. विणकराची मजुरी कापडाच्या लांबीवर असेल, तर थांबलेला माग म्हणजे बुडालेले पैसे. म्हणून खळ. हातमागाच्या काळात हेच काम रस्त्यावर उघड्यावर चालायचं. लांबच लांब ताणा पसरून त्यावर कुंचल्यानं खळ फिरवायची. त्याला पांजणी म्हणत.

आता एक छोटं गणित. उभ्या सुताच्या वजनाच्या साधारण ८ ते १५ टक्के खळ त्याला चढवतात. म्हणजे १०० किलो सुतामागं १०-१२ किलो खळ धरा. कापड विणून झालं की या खळीचं काम संपलं. उलट आता तीच शत्रू! खळीच्या कापडात पाणी नीट शिरत नाही, रंगही शिरत नाही. म्हणून रंगवण्याआधी ती पूर्ण काढावी लागते.

काढायची कशी? तुम्ही म्हणाल, गरम पाण्यात धुवायची. आईनं शिजवलेल्या खळीचं भांडं दुसऱ्या दिवशी घासून बघा, मग कळेल! वाळलेली खळ नुसत्या धुण्यानं जात नाही. पूर्वी पातळ आम्लात कापड भिजवत. आम्ल खळीचे तुकडे करतं, पण जरा जास्त झालं, किंवा भिजलेलं कापड कुठं वाळलं, की ते कापसाचेही तुकडे करतं. कापड कमजोर होतं.

इथं एक गंमत आहे, आणि ती कळली की मला रात्री बराच वेळ तिचाच विचार येत राहिला. खळ कशाची बनलेली? ग्लुकोजची. ग्लुकोजचे शेकडो, हजारो मणी एकापुढं एक ओवले की स्टार्च होतो. आणि कापूस? कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. आणि सेल्युलोज कशाचा? तोही ग्लुकोजच्याच मण्यांचा! फरक फक्त ओवण्यात. स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच बाजूनं ओवलेले, म्हणून माळेला स्प्रिंगसारखा पीळ पडतो. सेल्युलोजमध्ये एक मणी सुलटा, पुढचा उलटा, म्हणून माळ सरळ राहते आणि अशा सरळ माळा एकमेकींना घट्ट चिकटून बसतात. तुमच्या ताटातला भात आणि तुमच्या अंगातला सुती सदरा एकाच मण्यांचे!

म्हणजे प्रोसेसवाल्याला अशी कात्री हवी, जी एका माळेला कापील आणि दुसरीला शिवणारसुद्धा नाही. अशी कात्री माणसाला बनवता आली नाही. ती मातीत तयारच होती.

दुपारी आम्ही एका प्रोसेसमध्ये गेलो. कोऱ्या कापडाचे तागे आधी गॅसच्या ज्योतीवरून झरकन नेतात, म्हणजे वरची लव जळून जाते. कापड पेटत नाही, इतक्या वेगानं! मग ते 'जिगर' नावाच्या यंत्रावर येतं. (नाव ऐकून मला हसू आलं. यंत्रालासुद्धा जिगर लागते तर!) एका रुळावरून सुटून कोमट द्रावातून जायचं, दुसऱ्या रुळावर गुंडाळायचं, की पुन्हा उलटं. त्या द्रावात मीठ असतं, कापड भिजवणारा पदार्थ असतो आणि एक तपकिरी पाणी असतं. ते तपकिरी पाणी कॅनमधून मोजून ओतत होते. हजार लिटर पाण्यापुढं ते अगदीच चिमूटभर दिसत होतं.

"हेच ते," तिथल्या लॅबमधल्या ताई म्हणाल्या. "अमायलेज. जिवाणूंचं विकर."

विकर हा शब्द तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. आपल्या लाळेतही अमायलेजच असतं. जुन्या पुस्तकांत त्याला 'टायलिन' म्हणत. भाकरीचा घास खूप वेळ चावला की गोड लागू लागतो, तो याच्यामुळेच. १८३३ साली पायाँ आणि पर्सो या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या सातूतून असा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला 'डायास्टेज' नाव दिलं. पुढं याच नावावरून विकरांच्या नावांना शेवटी 'एज' लावायची पद्धत पडली.

पण लाळ गोळा करून किती कापड धुणार? १९१७ च्या सुमारास बोआदँ आणि एफ्राँ या दोघांनी जिवाणूंकडून हे विकर करून घेण्याचं पेटंट घेतलं. त्यांचा मजूर होता 'बॅसिलस सब्टिलिस'. हा गवतात, मातीत, तुमच्या शाळेच्या मैदानात, सगळीकडे असतो. त्याला खायला स्टार्च आवडतो, पण स्टार्चची माळ इतकी लांब, आणि हा इतका चिमुकला, की गिळणार कसा? मग तो काय करतो, आपली कात्री शरीराबाहेर सोडतो! बाहेरच माळेचे तुकडे होतात आणि हा ते बारीक गोड तुकडे आत ओढून घेतो. आपण जेवण तोंडात घालून लाळ सोडतो, हा आधी ताटावर लाळ सोडतो म्हणा ना. शी म्हणू नका! त्याच्या या सवयीमुळेच कारखानदाराचं काम सोपं झालं. मोठ्या टाकीत जिवाणू वाढवायचे, खायला घालायचं, मग गाळून जिवाणू बाजूला काढायचे. खाली उरतं ते विकराचं तपकिरी पाणी.

आणि ही कात्री झिजत नाही. एक बंध तोडला की मोकळी होते आणि पुढच्या बंधाला लागते. म्हणून थोडंसं विकर पुरतं. सेल्युलोजचे उलटसुलट मणी मात्र तिच्या पात्यांत बसतच नाहीत. खळ विरघळते, कापड जसंच्या तसं राहतं.

फक्त या कात्रीचे लाड करावे लागतात. विकर म्हणजे प्रथिन. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही, तसं फार तापवलं की विकरही कायमचं निकामी होतं. जिगरवरचं नेहमीचं विकर ६० ते ७० अंश सेल्सिअसला छान चालतं. ताईंनी त्यांच्या आधीच्या नोकरीतली गोष्ट सांगितली. रात्रपाळीत कुणीतरी वाफेचा कॉक जास्त उघडला. पाणी उकळलं, विकर मेलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. कापड पुढं गेलं, निळा रंग बसला आणि सकाळी बघतात तर आभाळात ढग यावेत तसे फिकट धब्बे! जिथं खळ राहिली, तिथं रंगच चढला नव्हता. सगळा माल परत आला. "त्या दिवसापासून मी आयोडीनची बाटली खिशातच ठेवते," ताई म्हणाल्या.

'बॅसिलस लायकेनिफॉर्मिस' नावाच्या याच्या एका भावाचं विकर मात्र भलतंच काटक. ते थोडा वेळ १०० अंशांच्या वरही टिकतं. १९७० च्या दशकात ते बाजारात आलं आणि मक्याच्या स्टार्चपासून साखरेचे पाक करणाऱ्यांचं काम सोपं झालं. गोळ्या-चॉकलेटांत जे लिक्विड ग्लुकोज असतं, त्याची सुरुवात अशा विकरानं होते. शेवटचे तुकडे सुटे करायला मग बहुधा बुरशीचं विकर लागतं. बेकरीतला पाव लवकर शिळा होऊ नये म्हणूनही जिवाणूंचं एक अमायलेज वापरतात. कपडे धुण्याच्या पावडरीत वरणभाताचे डाग काढायला हाच गडी. साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं, म्हणून अशा पाण्यात टिकणारे जिवाणू शास्त्रज्ञ शोधत असतात, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरात त्यांना तसे जिवाणू सापडलेही आहेत. लोणारची सहल हा वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी!

ताईंनी जिगरवरच्या कापडाचे दोन तुकडे कापले. एक सुरुवातीचा, एक तासाभरानंतरचा. दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब टाकला. पहिला तुकडा क्षणात काळानिळा झाला. स्टार्चच्या त्या स्प्रिंगमध्ये आयोडीन जाऊन बसतं, म्हणून हा रंग. दुसऱ्यावर नुसता पिवळट ठिपका. माळाच उरल्या नव्हत्या, आयोडीन बसणार कुठं?

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा उचलला, बोटांत धरून चोळला. मऊ होता. "माझी खळ गेली की गं," ते हळूच म्हणाले. मग ताईंकडं वळून, "गेली कुठं पर ती?"

माझ्या मनात तोच प्रश्न होता. ताईंनी खाली बोट दाखवलं. जिगरखालच्या गटारातून दुधाळ, कोमट पाणी वाहत होतं.

संध्याकाळी आम्ही पंचगंगेवर गेलो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच नद्यांची ही पंचगंगा. पुढं नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. पाण्यावर जलपर्णीची हिरवी चादर होती. लांबून किती सुंदर दिसते! पण ती वाढते पाण्यात खत-सांडपाणी मिसळल्यामुळं.

आता नीट लक्ष द्या, कारण इथं मला एक गोष्ट मान्य करावी लागते. दुपारी मी या जिवाणूंवर अगदी खूश होते. आम्ल नको, कापड फाटत नाही, वा! पण विकरानं खळ नाहीशी केली नव्हती. तिचे फक्त विरघळणारे गोड तुकडे केले होते. १०० किलो सुतामागं १०-१२ किलो, आठवतं ना? ते सगळं पाण्यात. विषारी नाही, अन्नच आहे. पण असं पाणी तसंच नदीत गेलं, तर नदीतले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, भराभर वाढतात आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मग मासे गुदमरतात. उन्हाळ्यात नदीत मासे मेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कापड रंगण्याआधीच्या सगळ्या धुलाईत पाण्यावर असा जो भार पडतो, त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या खळीचा असतो! नदीत फक्त कापडाचंच पाणी येतं असं नाही हं. गावोगावचं घरगुती सांडपाणीही येतं, तुमच्या-माझ्या मोरीतलं.

उपाय आहे, आणि तोही जिवाणूंचाच. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात मोठ्या टाक्यांमध्ये खालून हवा सोडतात. तिथं जिवाणूंना हवा तेवढा प्राणवायू मिळतो आणि ते हा गोडवा टाकीतच खाऊन संपवतात, नदीपर्यंत पोचूच देत नाहीत. पण त्यासाठी वीज लागते, पैसे लागतात, आणि केंद्र रोज, रात्रीसुद्धा, चालू ठेवावं लागतं. काही शास्त्रज्ञांनी आणखी एक युक्ती करून पाहिली आहे. निघालेल्या खळीचं पुरतं ग्लुकोज करायचं आणि दुसऱ्या एका विकरानं त्याच पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करायचं. कापड पांढरं करायला ते लागतंच! म्हणजे सायझिंगची खळ प्रोसेसमध्येच कामाला येईल. प्रयोगशाळेत हे जमलंय. गल्लीतल्या जिगरवर ते कधी येईल, ते तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी बघावं.

मामा घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. "आमी मस्टरवर सूत मोजलं, खळ मोजली," ते म्हणाले. "नदीत किती गेली, ते कुणी मोजायला सांगितलंच न्हाई."

तुम्हालाही हा प्रयोग घरी करता येईल. भाताची पेज गाळून भरपूर पाण्यात पातळ करा आणि दोन वाट्यांत ओता. पेज कोमट हवी, कढत नको. एका वाटीत चमचाभर स्वतःची लाळ घालून ढवळा. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही वाट्यांत औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाका आणि रंग बघा. लाळेच्या वाटीत निळा दिसलाच, तर आणखी थोडं थांबून दुसऱ्या थेंबानं पुन्हा बघा. आयोडीन पोटात जाऊ द्यायचं नाही, आणि प्रयोगाच्या वाट्या मोठ्या माणसांना विचारूनच घ्यायच्या. नंतर त्या वाट्यांत कुणी आमटी वाढून घेतली, तर मला पत्र पाठवू नका!

ताईंनी मला आयोडीनची छोटी बाटली भेट दिली होती. रात्री जेवणं झाल्यावर मामांनी ती मागून घेतली. दुपारचा कोरा तुकडा त्यांनी खिशातून आणला होता. मामीला जवळ बोलावून त्यांनी त्याच्यावर थेंब टाकला. निळा! मामी "अगं बाई!" म्हणाली. मग मामांची नजर खुंटीवरच्या त्यांच्या पांढऱ्याशुभ्र टोपीकडं गेली. आदल्या दिवशीच मामीनं ती धुऊन, कांजी घालून, कडक इस्त्री केली होती.

"ह्या टोपीची खळ आधी सायझिंगवाल्यानं घातली, प्रोसेसवाल्यानं काढली," मामा म्हणाले, "आणि तू परत घातलीस!"

"मग? लिबलिबीत टोपी घालून फिरणार हाय का बाजारात?" मामी म्हणाली, आणि बाटलीचं बूच घट्ट लावून तिनं ती फळीवर उंच ठेवून दिली.